अंगातली शिल्लक

रोजची कामे उरकल्यावरही अंगात जो दम आणि जी ताकद शिल्लक राहते, तिला शारीरिक तंदुरुस्ती म्हणतात. निरोगी असणे आणि तंदुरुस्त असणे यांत फरक आहे. चाळिशीतल्या एखाद्या माणसाचे रक्ताचे सगळे अहवाल चोख असतील, पण लिफ्ट बंद पडल्याच्या दिवशी तिसऱ्या मजल्यापर्यंत जाताना त्याला दोनदा कठडा धरून थांबावे लागत असेल, तर त्याच्यापाशी शिल्लक नाही. उलट रक्तदाबाची गोळी रोज घेणारी साठीतली शेतकरी बाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून सहज चालत येते. तिच्यापाशी ती भरपूर आहे. एरवी ही शिल्लक कुणाच्या नजरेत येत नाही. मोठा ताप, शस्त्रक्रिया, अपघात असे काही ओढवले की माणूस किती लवकर पुन्हा पायावर उभा राहतो, हे मात्र बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते.

तंदुरुस्तीची अंगे साधारण सहा मानता येतात. पहिले दम, म्हणजे हृदय, फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या मिळून राबणाऱ्या स्नायूंना किती प्राणवायू पुरवू शकतात ते. दुसरे ताकद, म्हणजे स्नायू एका वेळी किती जोर लावू शकतो ते. तेच काम न थकता किती वेळ करता येते तो झाला चिवटपणा. त्यानंतर सांध्यांची लवचिकता आणि शरीराचा तोल. सहावे अंग शरीराच्या घडणीचे: स्नायू किती, चरबी किती आणि ती साठली आहे कुठे. यांतले एक कमावले म्हणून दुसरे आपोआप पदरात पडत नाही. रोज पाच-सहा किलोमीटर फिरणाऱ्या गृहस्थांना जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, आणि छाती-दंड कमावलेला तरुण सुटणाऱ्या बसमागे शंभर पावले धावला तरी त्याला धाप लागते. शहरी मराठी घरांत व्यायाम म्हणजे सकाळचे फिरणे, असे समीकरण पक्के झाले आहे. फिरणे उत्तमच. पण ते प्रामुख्याने दमासाठी आहे. उतारवयात जिची सर्वांत जास्त गरज पडते ती ताकद त्यातून फारशी मिळत नाही, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते.

शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध आकड्यांनिशी ठळकपणे पुढे आला तो लंडनच्या दुमजली बसमुळे. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या सुमारे ३१,००० बस कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी अभ्यासल्या. ड्रायव्हर पाळीभर बसून असत. कंडक्टर तिकिटे देत देत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढत. दोघांची राहणी साधारण एकाच थरातली. तरीही कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी निघाले, आणि ज्यांना झटका आला त्यांना तो तुलनेने उशिरा आणि सौम्य आला. १९५३ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पत्रे वाटत फिरणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. मॉरिस यांची सचोटी अशी, की या निष्कर्षावर शंका काढायला ते स्वतःच पुढे झाले. गणवेशाची मापे तपासली तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर तरुणपणापासूनच कंडक्टरांपेक्षा जास्त असल्याचे दिसले, म्हणजे स्थूल माणसे मुळातच ड्रायव्हरकीकडे वळत असण्याची शक्यता होती. त्यामुळे पुढची अनेक वर्षे त्यांनी आणि इतरांनी निरनिराळ्या व्यवसायांत, निरनिराळ्या वयांत हाच प्रश्न तपासला. उत्तराची दिशा बदलली नाही.

पायऱ्या चढताना शरीरात काय होते हे समजले, की हे उत्तर असे का येते ते उलगडते. मांडीच्या स्नायूंना एकदम जास्त प्राणवायू लागतो. हृदयाचे ठोके वाढतात, प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर फेकले जाणारे रक्त वाढते, श्वास जलद होतो. ही मागणी आठवड्यातून अनेकदा होत राहिली, तर शरीर तिची तजवीज करून ठेवते. हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतो, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि स्नायूंच्या पेशींत प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांची संख्या वाढते. म्हणूनच नियमित धावणाऱ्याची बसल्या जागची नाडी पुष्कळदा साठच्या खाली असते: तेवढेच रक्त फिरवायला त्याच्या हृदयाला कमी ठोके पुरतात. कमाल कष्टाच्या वेळी शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, या मापाला शास्त्रज्ञ दमाचे सर्वांत भरवशाचे माप मानतात. त्याचा पाया १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल यांनी धावपटूंवर प्रयोग करून घातला.

शरीर मागणीप्रमाणे घडते, तसे मागणी थांबली की मोडतेही. याचा पुरावा १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे झालेल्या एका छोट्या पण विलक्षण प्रयोगाने दिला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगितले. उठायचे नाही, चालायचे नाही. तीन आठवड्यांनी त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली होती. नंतर आठ आठवडे कसून व्यायाम दिल्यावर ती भरून आली, उलट वाढली. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या दमाचे जेवढे नुकसान केले होते, त्यापेक्षा तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जास्त केले होते! मग सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्या-धावण्याने, सायकलने तो तीस वर्षांतला तोटाही भरून निघाला. पाच माणसांवरून सगळ्या मानवजातीचा निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. तरी ‘आता वय झाले’ या सबबीत वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, हे या प्रयोगाइतके स्वच्छ क्वचितच कुणी दाखवले असेल.

व्यायामशास्त्राचे मूळ तत्त्व यातच आहे. सवयीच्या कामापेक्षा थोडा जास्त भार शरीरावर टाकायचा, त्याला सावरायला वेळ द्यायचा, आणि ते सरावले की भार आणखी थोडा वाढवायचा. कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या तालमींत हे तत्त्व पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून पाळले जात आले आहे. तालमीत दाखल झालेल्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी हौद्यातल्या लाल मातीत लढायला उतरवत नाहीत. आधी जोर आणि बैठका. जोर मारताना पंजे आणि चवडे जमिनीवर टेकलेले, कंबर वर उचललेली. तिथून छाती जमिनीलगत घासत पुढे न्यायची, हात सरळ करत मान वर काढायची आणि पुन्हा कंबर मागे घ्यायची. एका जोरात छाती, खांदे, दंडाची मागची बाजू, पोट आणि पाठीचा कणा सगळेच राबतात. सुरुवातीला मोजके जोर, मग आठवड्या-आठवड्याने वस्तादांच्या नजरेखाली आकडा चढत जातो. पोराचा दम सुटतो की नाही, कोपर बाहेर फाकते की नाही, यावर त्यांची नजर असते. हळद, तेल, ताक घालून मऊ ठेवलेली माती फावड्याने खणणे, हीदेखील मेहनतीचाच भाग. त्यानंतर पकड, त्यानंतर डाव.

दवाखान्यात हेच तत्त्व आणले अमेरिकन लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात गुडघा आणि मांडीला इजा झालेल्या सैनिकांना तेव्हा हलके व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावत, आणि महिनोन्महिने मांड्या वाळलेल्याच राहत. डीलॉर्म यांनी उलट केले. जेमतेम दहा वेळा उचलता येईल इतके वजन द्यायचे आणि ते सोपे वाटू लागले की वाढवायचे. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभरच्या व्यायामशाळांत दहा-दहाचे तीन फेरे मारले जातात, त्याचे मूळ तिथे आहे.

भार वाढवण्याचा वेग किती असावा, इथे बहुतेकांची चूक होते. पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद भराभर वाढते, पण तेव्हा स्नायू फारसे वाढलेले नसतात. मज्जासंस्था आहेत त्याच स्नायूंचा जास्त भाग एकदम कामाला लावायला शिकलेली असते. स्नायू त्यानंतर भरतात. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा तर आणखी सावकाश घट्ट होतात. जानेवारीत जिम लावून फेब्रुवारीत भलते वजन उचलू पाहणाऱ्या तरुणाचा खांदा धरतो किंवा कोपर दुखू लागते ते यामुळे. उत्साह पुढे गेलेला असतो, कंडरा मागे राहिलेल्या असतात.

दुसरे तत्त्व असे, की शरीर नेमके मागितलेलेच देते. पोहण्याने पोहण्याचा दम वाढतो, त्यातला काहीच भाग धावण्याला उपयोगी पडतो. महाराष्ट्रात मल्लखांब रुजला तो याच जाणिवेतून. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला शिस्तशीर रूप दिले, ते कुस्तीला पूरक व्यायाम म्हणून. गुळगुळीत, तेल लावलेल्या खांबाला मांड्यांनी आणि हातांनी आवळून धरणे हे घामाने निसरड्या झालेल्या प्रतिस्पर्ध्याला धरण्याच्या फार जवळचे आहे. तेव्हा व्यायाम निवडताना आधी आपल्याला काय करता यायला हवे आहे ते ठरवावे. नातवंडाला उचलून घ्यायचे असेल तर उचलण्याचा सराव हवा. नुसत्या चालण्याने ते साधणार नाही.

दमासाठी किती व्यायाम पुरेसा, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिले आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम कष्टाची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पासष्टीपुढे तोलाचे व्यायाम किमान तीन दिवस. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास. मध्यम कष्ट ओळखायची सोपी खूण म्हणजे चालता चालता बोलता येते, पण गाता येत नाही. दोन शब्दांपुढे बोलताच येत नसेल तर कष्ट जोरकस. नाडीवरून मोजायचे तर २२० मधून वय वजा केल्यास कमाल ठोक्यांचा अंदाज मिळतो. पन्नाशीच्या माणसाला १७०, आणि त्याचे मध्यम कष्ट साधारण ११० ते १३० च्या दरम्यान. हा निव्वळ अंदाज आहे, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबाची काही औषधे नाडी मुद्दाम मंद ठेवतात, ती घेणाऱ्यांना तर हे गणित लागूच पडत नाही. त्यांनी बोलण्याचीच खूण धरावी.

बागेत घोळक्याने, राजकारणावर बोलत रमतगमत मारलेल्या चार फेऱ्या मध्यम कष्टात बसत नाहीत. मन प्रसन्न होते, लोक भेटतात, हेही हवेच. पण हृदयाला सरावाचे काम हवे असेल तर चालण्याचा वेग वाढवावा लागतो किंवा चढ शोधावा लागतो. पुण्यात वर्षानुवर्षे पर्वती चढणारी माणसे आहेत. त्या टेकडीच्या शंभराच्या वर रुंद पायऱ्या दमाचे काम चोख करतात. रोज दहा हजार पावले हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राने रूढ केला. त्यामागे तेव्हा वैद्यकीय संशोधन नव्हते. सरासरी बहात्तर वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांवरचा २०१९ चा एक अभ्यास सांगतो, की दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ठळकपणे कमी होते, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. ज्यांना दहा हजार जमत नाहीत म्हणून चालणेच सोडावेसे वाटते, त्यांना हे माहीत असायला हवे.

आता ताकदीकडे. तिशीनंतर स्नायू दर दशकाला थोडे थोडे झिजू लागतात. साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर घटते. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण झिजलेल्या स्नायूंची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो. मग एक दिवस पाटावरून, कमोडवरून, रिक्षातून उठणे जड जाते. ही घसरण अटळ आहे असेच पुष्कळ काळ मानले जात होते. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा, वाढत्या वजनांचा व्यायाम दिला गेला. पायांची ताकद सरासरीने दुपटीहून खूपच जास्त वाढली, चालण्याचा वेग सुधारला. नव्वदीतला स्नायूही मागणीला उत्तर देतो, हे त्यातून कळले.

भारतीयांच्या बाबतीत स्नायूंची ही गोष्ट आणखी गंभीर आहे, आणि ती उलगडण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने हलकी. पण हातपाय बारीक असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. तूट होती ती स्नायूंत. वरून बारीक आणि आतून चरबीयुक्त अशी ही घडण मोठेपणीही टिकते. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंची-वजनाच्या हिशेबाने येणारा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

याचे व्यवहारात दोन अर्थ होतात. एक, ‘मी तर सडपातळ आहे’ या समाधानावर भारतीयांनी विसंबू नये. आपल्याकडे हा निर्देशांक २३ ला पोहोचला की वजन जास्त धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका मानतात. पोटातली चरबी वजनकाट्यापेक्षा टेपने लवकर पकडली जाते. दोन, स्नायू वाढवणे हा आपल्यासाठी शरीरसौष्ठवाचा हौशी प्रकार राहत नाही, तो मधुमेहाशी जोडलेला प्रश्न होतो. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलून साठवून ठेवण्याचे मोठे काम स्नायू करतात. आकुंचन पावणारा स्नायू तर इन्शुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतो, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. मधुमेह्यांनी व्यायामात सलग दोन दिवसांहून जास्त खंड पाडू नये असे सांगतात ते यासाठी. जेवल्यावर लगेच आडवे होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे शतपावली घातली तरी साखरेची उसळी कमी होते.

ताकदीच्या व्यायामाला यंत्रे लागत नाहीत. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे हा एकच व्यायाम मांड्या, नितंब आणि तोल तिन्हींना पुरतो. छातीवर हातांची घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. पासष्ट ते एकोणसत्तर वयात पुरुषांना बाराहून कमी, स्त्रियांना अकराहून कमी जमत असेल, तर पायांतली ताकद सरासरीच्या खाली आहे आणि पडण्याचा धोका वाढलेला आहे. जोर जमत नसतील त्यांनी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, मग पलंगाला टेकून करावेत. उतार वाढेल तसा भार वाढतो. पाण्याच्या दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत घेऊन ताठ चालणे पकड आणि पाठीसाठी उत्तम. प्रत्येक व्यायाम असा निवडावा की आठ ते बारा आवर्तनांनंतर आणखी दोनच जमतील असे वाटावे. पंचवीस-तीस वेळा सहज होत असेल तर भार कमी पडतो आहे. वजने उचलली की बायका पुरुषी दिसू लागतात, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. स्त्रीच्या शरीरात त्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण फार कमी असते. उलट पाळी थांबल्यानंतर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, आणि त्या वेळी भार उचलण्याची सर्वांत जास्त गरज स्त्रियांनाच असते.

लवचिकता आणि तोल यांची जुनी व्यवस्था आपल्या घरांतच होती. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भांडी घासणे, खाली बसून भाजी निवडणे. डायनिंग टेबल आणि कमोड आल्यावर खुबे, गुडघे आणि घोट्यांची ती रोजची हालचाल दिवसभरातून पुसली गेली. ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ गिल अराऊजो यांनी जमिनीवर बसून उठण्याची दहा गुणांची चाचणी तयार केली. बसण्याला पाच, उठण्याला पाच. हात, गुडघा किंवा मांडीचा आधार घेतला की दर आधाराला एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांवरच्या २०१२ च्या अभ्यासात कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यूंचे प्रमाण बरेच जास्त आढळले. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असे त्यातून सिद्ध होत नाही. ताकद, लवचिकता आणि तोल यांचा एकत्रित लेखाजोखा त्या एका हालचालीत दिसतो, एवढेच. ज्यांचे गुडघे अजून धड आहेत त्यांनी दिवसातून एक जेवण तरी खाली बसून घ्यावे. गुडघे झिजलेल्यांनी हट्ट धरू नये.

सूर्यनमस्काराला महाराष्ट्रात जे स्थान मिळाले त्यात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा वाटा फार मोठा. त्यांनी स्वतः तो आयुष्यभर घातला, संस्थानातल्या शाळांत नेला आणि त्यावर पुस्तके लिहिली. पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो, खांदे आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, मधल्या अवस्थेत अर्धा जोर येतो. सावकाश, श्वासाबरोबर घातले तर लवचिकता. सलग आणि वेगाने घातले तर दम. पण त्यात ओढण्याची क्रिया कुठेच नाही. पाठीच्या वरच्या भागाला आणि दंडांच्या पुढच्या स्नायूंना काम हवे असेल तर बार, दोर, मल्लखांब किंवा निदान भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढण्याचा व्यायाम जोडायला हवा. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी एवढी भर घातली तर थोड्या जागेत, बिनखर्चात जवळपास परिपूर्ण व्यायाम हाती येतो.

कुठलाही व्यायाम अंग तापवून सुरू करावा: पाच-सात मिनिटे हळू चालणे, खांदे-कंबर फिरवणे. ताणून धरण्याचे व्यायाम शेवटी, स्नायू गरम असताना. नवा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबते. ते स्नायूंतल्या सूक्ष्म इजांमुळे होते आणि तीन-चार दिवसांत आपोआप जाते. सांध्यात एका जागी टोचणारे, सूज आणणारे किंवा रात्री जागे करणारे दुखणे हे त्यात मोडत नाही. तिथे थांबावे.

वजन उतरवण्यासाठी नुसत्या व्यायामावर भिस्त ठेवणारे निराश होतात. साठ किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला तर २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याहून जास्त येतात. वजन ताटात कमी होते, व्यायाम ते उतरताना स्नायू वाचवतो. त्यासाठी प्रथिने लागतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हिशेबाने प्रौढाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. ताकद कमावणाऱ्यांना आणि वृद्धांना याहून थोडी जास्त. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, तीस ग्रॅम कोरड्या मुगाच्या उसळीत सात. पातळ वरण, भात आणि बटाट्याची भाजी अशा ताटात हा हिशेब जुळत नाही. पिठले, उसळ, ताक, दही, शेंगदाण्याची चटणी यांनी तो सहज जुळतो, डबाबंद पावडर न घेताही. व्यायामशाळांच्या आसपास मिळणारी स्टेरॉइड्स आणि रक्तदाब चढवणारी इंजेक्शने तर हृदयावर थेट घाला घालतात. त्यांना खुराक म्हणणे हा पहिलवानीचा अपमान आहे.

स्नायू व्यायाम करताना घडत नाहीत, त्यानंतरच्या विश्रांतीत घडतात. प्रौढांना सात ते नऊ तासांची झोप लागते. ती तुटत असेल तर भूक वाढते, साखर बिघडते आणि दुसऱ्या दिवशी तोच भार जड लागतो. उलट नियमित व्यायामाने झोप गाढ लागते, सौम्य ते मध्यम नैराश्यात आणि चिंतेतही आराम पडतो. त्याच स्नायूंना पुन्हा ताकदीचा व्यायाम देण्याआधी मध्ये एक दिवस सोडावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात व्यायाम सूर्योदयाआधी उरकावा. उष्णतेला सरावायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात आणि तोवर वेग कमीच ठेवावा लागतो.

हृदयविकार, मधुमेह, किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, अथवा चाळिशीनंतर प्रथमच जोरकस व्यायाम सुरू करायचा असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. व्यायाम करताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात पसरणारी कळ, एकाएकी भोवळ किंवा नेहमीपेक्षा भलतीच धाप लागली, तर तिथेच बसावे आणि तडक रुग्णालय गाठावे. पित्त म्हणून सोडा पिऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. साध्या सर्दीत हलका व्यायाम चालतो, ताप असेल तर अजिबात नाही. ताप उतरल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि आजारापूर्वीच्या निम्म्या भारापासून सुरुवात करावी. महिनाभराचा खंड पडला असेल तर पूर्वीच्या जागी परत यायला साधारण तेवढाच काळ धरावा. एकदा कमावलेले स्नायू नवख्यापेक्षा लवकर परततात, कंडरांना मात्र पुन्हा पहिल्यासारखाच वेळ द्यावा लागतो.